चटणी होईस्तोवर

आक्का बाजारात गेली की आधी माल बघत नसे, दुकानदाराचा हात बघे. "हात म्होरं कर," म्हणायची, आणि भल्या दांडग्या व्यापाऱ्याचा पंजा धरून सरळ नाकाशी न्यायची. भरबाजारात ती पांढऱ्या कपाळाची, पन्नाशीची बाई परक्या पुरुषाचा तळहात हुंगते आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा लाजेनं शेजारच्या गुळाच्या ढेपांआड जाऊन उभा राहिलो. तिला त्याचं काहीच नव्हतं. तिचं म्हणणं असं, की माल वरून पुसता येतो, पोत्याच्या तोंडाशी चांगला मांडता येतो. हात तेवढा दिवसभर पोत्याच्या बुडाशी जाऊन आलेला असतो. "त्येच्या हाताला भुश्याचा वास आला की समजायचं, धन्या-जिऱ्याच्या पुडीत बी भुस्साच हाय."

मी तिचा भाडेकरू होतो. कोल्हापुरात महाराजांच्या कारकिर्दीचा तो भराचा काळ. मला दरबारच्या एका कचेरीत नुकतीच कारकुनी लागली होती आणि मंगळवार पेठेतल्या तिच्या घराची माडीवरची खोली मी बघायला गेलो होतो. भाड्याचं बोलायच्या आधी तिनं मला विचारलं, "तुजी आई चटणीत काय काय घालती?"

"मिरची, मीठ, लसूण," मी म्हणालो.

"आनि?"

"आणखी काही नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "बिचारं. ऱ्हा वर."

त्या 'बिचारं'वर मला खोली मिळाली आणि संध्याकाळची भाकरीही तिच्याकडेच ठरली. आईची बाजू घेऊन मी दोन शब्द बोलायला हवे होते. आमच्या घरी लवंग-दालचिनी सणालाही परवडत नसे, एवढं तरी सांगायचं होतं. मी नुसता हसलो. आई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण ते हसणं मला अजून टोचतं.

गल्ली तिला आक्का म्हणायची. माहेर संकेश्वराकडचं, सासर गारगोटीजवळच्या एका खेड्यातलं. नवरा गेल्यावर वाटणीवरून दिराशी हातघाईवर आली आणि नवऱ्यानं कोल्हापुरात बांधलेल्या या घरात ती निघून आली. एकुलता एक मुलगा मात्र जमिनीसाठी तिकडेच, चुलत्याच्या हाताखाली राहिला होता. दिराचं नाव ती घेत नसे. "त्यो रेडा" म्हणायची. वर्षातून एकदा गारगोटीच्या बाजाराला जाऊन ती मुलाला भेटे, रेड्याशी भांडे, आणि येताना रानातलं दगडफूल घेऊन येई. तिघांचाही वृत्तान्त ती आम्हाला सारख्याच उत्साहानं सांगायची.

तिला साल-तारीख कळत नसे. तिची सगळी कालगणना मसाल्याच्या भावावर चालायची. मुलगा झाला तो "हिंगाला आग लागलीती त्या सालचा." नवरा गेला तो "खोबरं मातीमोल झालतं तवा." महाराज गादीवर कधी बसले असं मी एकदा मुद्दाम विचारलं, तर क्षणभर डोळे मिटून म्हणाली, "धनं लई सवंग हुतं बग. पायलीनं आनलंतं." रोज दिवे लागताना ती पायरीवर बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या दिवसाचा भाव सांगे. "जिरं चढलं! हळद हाय तितंच! खोबरं आजून दोन दिस घिऊ नगासा, गाड्या घाटात हाईत!" गल्लीतल्या बायका चुलीपुढून ते ऐकत आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बाजारात पाठवायचं की नाही ते ठरवत. कचेरीत आमचे वरिष्ठ वर्तमानपत्र वाचत त्याहून जास्त विश्वासानं.

कुठली जिन्नस कुठं घ्यायची याचे तिचे नियम ठरलेले होते. एका दुकानात दोन जिनसा तिनं कधी घेतल्या नाहीत. "येकाच माणसाला समदं कसं चांगलं मिळंल? त्यो काय देव हाय?" जिरं, बडीशेप, हिंग हे रेल्वेनं येणारं म्हणून शाहूपुरीत, आणि तेही दुकानात नव्हे, वखारीच्या दारात पोतं फुटतं तिथं. खोबरं कोकणातून घाट चढून येणाऱ्या गाडीवानांकडून. मिरची तर ती गावात घ्यायचीच नाही. पहाटे उठून उचगावच्या रस्त्याला जाऊन बसायची आणि संकेश्वराकडून येणारी गाडी जकातनाक्याच्या अलीकडेच अडवायची. "नाका वलांडला की मिरची शानी हुतीया," म्हणायची. गाडीवान तिच्या माहेरच्या बोलीचे. ती त्यांच्याशी कानडीत भांडे, मराठीत हिशेब करे, आणि मूठभर मिरच्या कानाशी धरून खुळखुळवून बघे. बिया वाजल्या तर वाळलेली, नाही वाजल्या तर, "पावणं, हिला आजून चार दिस ऊन दावा, मग आमाला दावा!"

भाव करण्यातही तिची एक रीत होती. धने घेताना ती पैपैसाठी तासभर झुंजायची. लवंगेचा भाव मात्र तिनं जन्मात केला नाही. मला वाटायचं, ऐट आहे. जुन्या पेठेत अत्तरं-लवंगा विकणाऱ्या अत्ताराकडे एकदा तिच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो म्हातारा 'बहन' म्हणताना मी ऐकलं नाही. माझ्यासारख्या हुशार माणसानं त्याला विचारलं, "चाचा, काही कमी होईल का?"

अत्तार मिस्कील हसला. "हुईल की. कमी दामात पायजे तर कमी लवंग हाय माझ्याकडं. तेल काढून घेतलेली. दिसाया लवंगच."

"आईक!" आक्का माझ्याकडे वळून म्हणाली. "लवंगंचा भाव केला की त्यो बिचारा काय करंल? भाव राखाया तेल काढंल. मग पाप कुनाचं? इचारनाऱ्याचं." आणि अत्ताराला म्हणाली, "भाई, हे पोरगं शिकल्यालं हाय. मनावर घिऊ नगा."

तिचा राग मात्र ओरडण्याचा नसे. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं तिला मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळून दिल्या. घरी येऊन तिनं मिरे पाण्यात टाकले, वर तरंगलं ते गाळून बाजूला काढलं, आणि एक शब्द न बोलता परसात पेरलं. मी विसरूनही गेलो होतो. पुढच्या वर्षी परसात उंच वाढलेल्या झाडाला पपया लागल्या. त्यातली एक पिकलेली पपई पाटीत घालून ती त्या दुकानात गेली. गिऱ्हाइकांनी दुकान भरलं होतं. तिनं पपई गादीवर ठेवली आणि म्हणाली, "शेटजी, तुमच्या मिऱ्याला फळ धरलंय. म्हटलं, पयलं फळ मालकाला द्यावं." आणि निघून आली. त्यानंतर ती रस्त्यानं जाताना दिसली की तो व्यापारी गादीवरून उठून उभा राही. लोक म्हणत, भीतीनं. मला तसं वाटत नाही. मीही तिच्यासमोर उभाच राहत असे.

हा सगळा खटाटोप ज्यासाठी, ती वर्षाची चटणी वैशाखाच्या शेवटी व्हायची. आमच्या भागात पावसाळ्यात भाजी मिळत नाही, आणि मिळाली तरी ज्याच्या-त्याच्या ऐपतीची नसते. भाकरी आणि चटणी असली की घर तरलं. गल्लीतली पंधरा-वीस घरं आपापले पैसे आक्काच्या हवाली करत. ती सगळ्यांचा मसाला आणे, तिच्या अंगणात मिरची वाळे, मसाला भाजला जाई, आणि जमिनीत पुरलेल्या तीन उखळांवर कांडपाच्या बाया दोन दिवस मुसळं घालत. त्या दोन दिवसांत अख्ख्या गल्लीला ठसका लागे. टपालवाला तोंडाला उपरणं बांधून येई.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी मिरची भडकली होती. अवकाळी पावसानं पीक कुजलं होतं आणि उचगावच्या रस्त्यावर गाड्या येईनात. आक्का पहाटे जाऊन दुपारी रिकाम्या हातांनी परतायची. शेवटी कशीबशी मिरची मिळाली ती दुपटीच्या वर भावानं. त्या पैशासाठी गल्लीत कुणी तांब्याचा हंडा मोडला, कुणी पोरीच्या पायातले वाळे विकले. शेजारच्या काकींनी पैसे देताना आक्काचा हात धरून म्हटलं होतं, "आक्का, पुन्यांदा न्हाय जमायचं बरं का. एवढंच हुतं."

कांडपाच्या पहिल्या दिवशी सकाळीच मसाला भाजून झाला होता, कांदा-लसूण तळून झाले होते, मुसळांनी लय धरली होती. कचेरीला सुट्टी होती म्हणून मी पायरीवर बसून, नाकाला रुमाल लावून, बघत होतो. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी पिंपळाच्या पाराजवळ एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला पटका नाही, पाय धुळीनं भरलेले. आक्कानं त्याला लांबूनच ओळखलं. सासरचा गडी होता.

"आरं ये की!" ती ओरडली. "गूळपाणी घे आदी!"

त्यानं मान हलवली. पुढे आला नाही.

ज्या वाचकांना आमच्याकडची रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मरणाचा सांगावा आणणारा माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरचं पाणी घेत नाही. आणि सुतक लागतं ते माणूस मेल्यावर नव्हे, मेल्याचं कानावर आल्यावर. सुतकाच्या घरात चटणी, लोणचं, पापड असं साठवणीचं काही करत नाहीत. केलेलं कुणी खात नाही. आक्काच्या कानावर ते नाव आलं असतं, तर उखळांतली, सुपांतली, परातींतली ती सगळी मिरची, मोडलेले हंडे आणि विकलेले वाळे, सगळं त्याच क्षणी फुकट गेलं असतं.

गड्यानं तोंड उघडलं. आक्कानं मसाल्यानं लाल झालेला हात वर केला.

"बोलू नगंस!" मुसळं थांबली. "तितंच बस. म्या बोलीवल्याबिगार त्वांड उगडायचं न्हाय."

मग ती माझ्याकडे आली. तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. "कारकुना, तू जा. त्येचं ऐकून घे. मला नाव सांगू नगंस. म्या जायाची वाट बघत तितं काय थांबलंय का, एवढंच ईऊन सांग."

मी गेलो. गडी रडतच होता. थोरले मालक गेले, म्हणाला. मळ्यात पान लागलं, साप त्यांना दिसलाच नाही, आदल्या दिवशी सांजेलाच दहनासकट सगळं उरकलं. गेला तो रेडा होता. आक्काचा दीर. मुलगा सुखरूप होता.

मी परत येताना अंगणातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आक्का एकटी बघत नव्हती. ती उखळात हात घालून मिरची खालीवर करत होती.

"काही थांबलेलं नाही, आक्का," मी म्हणालो. "सगळं झालंय."

"बरं," ती म्हणाली. "त्येला खानावळीतनं भाकरी आन. माज्या घरची नगं."

काकी पुढे झाल्या. "आक्का, ऱ्हाऊ दे गं. इचार त्येला. तुजं पोरगं तितं हाय... गेल्या म्हयन्यात ताप हुता म्हनलीतीस त्येला."

"ठावं हाय मला, त्येला ताप हुता त्यो."

"मग इचार की!"

"इचारलं तर औंदा काय खाशील? मीठ?" आणि मग कांडपाच्या बायांना, "काय बगतासा गं? मुसळं हाताला चिकटली व्हय?"

मुसळं पुन्हा सुरू झाली. त्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती गप्प नव्हती. नेहमीसारखी ओव्या सांगत होती, चाळणीतून न उतरलेलं पुन्हा उखळात टाकायला लावत होती, दालचिनी भरड राहिली म्हणून एकीला शिव्या घालत होती. मीठ घालताना तिचा हात एकदाही चुकला नाही. फक्त ओव्यांमध्ये लेकाची ओवी तिनं एकदाही घेतली नाही. दुसऱ्या एका बाईनं सवयीनं ती सुरू केली, तेव्हा सगळ्या एकदम खोकल्या आणि ती ओवी तिथंच बुडाली.

आणि मला माहीत होतं. 'तुमचा मुलगा बरा आहे' एवढे चार शब्द माझ्या तोंडात होते, आणि ते तोंडात धरून मी तिच्या अंगणात वावरत होतो. ती माझ्या पुढ्यातून पाट्या उचलून नेत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. खाली तिलाही लागली नसणार, कारण पहाट व्हायच्या आधीच ती सुपं झाडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. ती हौदावर एकटी होती. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "आक्का, तुमचा..."

तिनं मान वळवली नाही. मिरचीनं माखलेला पंजा मात्र माझ्या डोळ्यांपुढे बोटभर अंतरावर आला.

"आनि येक अक्षर काढलंस तर ह्यो हात डोळ्यात घालीन. आंधळा कारकून दरबारला चालत न्हाय."

"पण आक्का, वाईट नाही सांगत..."

"चांगलं बी नगं!" ती एकदम किंचाळली. मग हळू म्हणाली, "चांगलं सांगितलंस की मग गेलं त्ये कोन त्ये मला कळंल की रं."

खरंच होतं. मुलगा नाही म्हटलं की नाव घेतल्यासारखंच होतं. रात्रभर विचार करूनही मला ते सुचलं नव्हतं.

त्या दिवशी ऊन उतरताना शेवटची परात झाली. आक्कानं एकेका घरची बरणी आपल्या हातानं दाबून भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, फडकं बांधलं, आणि बरण्या घरोघर रवाना केल्या. तिची स्वतःची बरणी माझ्या माडीवर ठेवायला लावली. अंगण झाडून घेतलं. घरात चटणीचा कण उरला नाही अशी खात्री झाल्यावर तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि पाराकडे चालू लागली. सगळी गल्ली दारांत उभी होती. कुणी खोकत नव्हतं.

गडी उठून उभा राहिला.

"बोल आता," आक्का म्हणाली.

"थोरलं मालक..."

तिला ते कळायला वेळ लागला. "आनि पोरगं?"

"धनी बरं हाईत. त्येंनीच धाडलंय मला."

ती मटकन पाराखाली बसली. मला वाटलं, आता ती देवाला हात जोडेल. तिनं कपाळ बडवून घेतलं आणि त्या रेड्याच्या नावानं असा टाहो फोडला की पिंपळावरची पाखरं उडाली. वीस वर्षांत जे नाव तिनं घेतलं नव्हतं ते ती पुन्हापुन्हा घेत होती. "आता भांडू कुनासंगं रं मी? गारगोटीला येऊन भांडू कुनासंगं?" दोन दिवस जे रडणं तिनं कुणासाठी ते ठाऊक नसताना दाबून धरलं होतं, ते सगळं त्या भांडखोर माणसाच्या वाट्याला आलं. काकी तिला धरायला गेल्या आणि स्वतःच रडू लागल्या.

ती दिवसकार्याला गारगोटीला गेली आणि तेरावं करून परतली. आल्यावर पहिल्यांदा मला म्हणाली, "दोन दिस तुज्या त्वांडाकडं बगितलं न्हाय म्या. तुला कायबी लपवाया येत न्हाय. बगितलं असतं तर सुतक लागलं असतं."



त्या संध्याकाळी तिनं मला जेवायला बसवलं. माडीवरून बरणी आणली, ताटात चटणी वाढली, मधे बोटानं खळगा करून तेल ओतलं. स्वतःच्या भाकरीवर नुसतं मीठ घेतलं आणि कांदा फोडला.

"तुम्ही नाही घेत?" मी विचारलं.

"न्हाय. औंदाची मला चालायची न्हाय."

"पण सुतक तर नंतर लागलं. सगळी गल्ली खातेय."

"गल्लीचं कोन गेलंय? नाव कानावर यायच्या आदी झालीया, त्येंनी खावी. त्यो पाराजवळ उबा ऱ्हायला, तवाच मला कळलंतं की कुनीतरी गेलंय. नाव न्हवतं, पर मरान हुतं. माज्या हाताला ठावं हुतं." ती भाकरीचा तुकडा मिठात बुडवत म्हणाली. "येक वरीस काय, निघंल."

माझ्या तोंडात घास होता. मला तर नावही ठाऊक होतं. मी परका, मला सुतक नव्हतं, रीत माझ्या बाजूनं होती. पण तिच्यासमोर बसून तो घास गिळताना रीत काही उपयोगी पडली नाही.

"कशी झालीया?" तिनं विचारलं.

"चांगली झालीय."

"चांगली म्हंजे काय? सांग की नीट. लवंग म्होरं आलीया का मागं ऱ्हायलीया?"

मी दुसरा घास घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तिखट आहे, आक्का."

"मिरचीची चटणी तिखटच आसती की रं बाबा! लवंगंचं सांग. अत्तारानं नवी दिलीती औंदा, जरा हात राखून घातलीती. कमी पडली का?"

मी तिसरा घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला. माझ्या आईनं जन्मात लवंग घातली नव्हती. ती कुठे असते, पुढे येते म्हणजे कुठे येते, मला काही कळत नव्हतं. मिठाची भाकरी हातात तशीच धरून आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आणखी थोडी वाढून घेतली आणि खात राहिलो.